मुद्देमालातला मोबाईल

पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतला कोयता निमूट असतो. पंचनामा झाला, पाकिटावर पंचांच्या सह्या झाल्या, लाखेचं सील बसलं की तो वर्षभर मांडणीवर पडून राहतो आणि न्यायालयात काढला तेव्हा होता तसाच निघतो. मोबाईलचं तसं नाही. तो सीलबंद पाकिटातही जागा असतो. टॉवर शोधतो, आलेले मेसेज उतरवून घेतो, जुन्या नोंदींच्या जागेवर नव्या लिहितो. मालकाच्या कुणा दोस्ताने दुसऱ्या गावातून त्याचं खातं उघडून ‘फोन हरवला आहे, सगळं पुसून टाक’ असा हुकूम सोडला तर तोही इमानेइतबारे पाळतो.

अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. २०२४ च्या अखेरीस आयफोनमध्ये अशी सोय आली, की सलग ७२ तास कुणी कुलूप उघडलं नाही तर फोन आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू होतो. एप्रिल २०२५ मध्ये गुगलने अँड्रॉइडसाठीही तीन दिवसांची तशीच सोय जाहीर केली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तपासात याने सगळा डाव फिरतो. फोन सुरू झाल्यावर एकदा जरी पिन टाकून उघडला गेला, तरी आतली माहिती वाचायच्या किल्ल्या त्याच्या स्मृतीत तयार राहतात. मग पडदा बंद दिसो वा कुलूप लागलेलं दिसो. तपासाच्या यंत्रांना अशा फोनमध्ये शिरायला थोडीफार वाट असते. तोच फोन एकदा बंद होऊन सुरू झाला की किल्ल्या नाहीशा होतात, आणि पिन मिळेपर्यंत आतला जवळजवळ सगळा ऐवज म्हणजे अर्थहीन अक्षरांचा ढिगारा.

आता हिशेब करून बघा. शुक्रवारी संध्याकाळी गडहिंग्लज तालुक्यातल्या एखाद्या गावात फोन जप्त झाला. शनिवार गेला कागदपत्रांत, रविवार सुटीचा. सोमवारी प्रयोगशाळेला द्यायच्या पत्राचा मसुदा तयार झाला, साहेब बंदोबस्ताला गेले म्हणून सही राहिली. सोमवारी संध्याकाळी मांडणीवरचा तो फोन कुणालाही न विचारता स्वतःला बंद करून पुन्हा सुरू झालेला असतो. मंगळवारी शिपाई तो घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसतो तेव्हा सील शाबूत, सह्या शाबूत, आणि मुद्देमालाची किंमत मात्र निम्म्याहून खाली आलेली. कुणी काही चुकीचं केलेलं नाही. फक्त कोयत्याला लावायची पद्धत मोबाईलला लावली.

न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कालिन्याला आणि आपल्या भागासाठी प्रादेशिक प्रयोगशाळा कोल्हापुरात आहे. तिथून येणाऱ्या अहवालाला वकील मंडळी अजून ‘सी. ए. रिपोर्ट’च म्हणतात. सी. ए. म्हणजे केमिकल ॲनालायझर. विष, रक्त, दारू तपासणाऱ्या ब्रिटिशकालीन खात्याचं नाव. मोबाईलमध्ये केमिकल काहीच नसलं तरी अहवाल त्याच फायलीला लागतो.

*

गडहिंग्लज हे हिरण्यकेशीच्या काठचं, मिरचीच्या बाजाराचं आणि फुटबॉलवेड्या पोरांचं गाव. संकेश्वरच्या रस्त्याला लागलं की काही मिनिटांत कर्नाटक सुरू होतं. माणसांना ही सीमा जाणवत नाही, फोनला जाणवते. तालुक्याच्या पूर्व कडेच्या शिवारात उभा असलेला माणूस महाराष्ट्रात असतो आणि त्याचा फोन पलीकडच्या टॉवरला चिकटलेला असू शकतो. टॉवर म्हणजे माणूस अशी समजूत करून घेतलेला तपास या पट्ट्यात सहज भरकटेल. कॉलचा तपशील एवढंच सांगतो, की अमुक वेळी हा फोन अमुक टॉवरच्या टापूत होता. टापू केवढा, तो राज्याची हद्द ओलांडतो का, हे नकाशा घेऊन बसल्याशिवाय कळत नाही.

इथल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत घटकाभर उभं राहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. डिजिटल फॉरेन्सिक म्हणून महानगरांत ज्याची फी भरून पदवी मिळते, त्यातला हाताचा भाग इथे आधीच मुरलेला आहे. काउंटरच्या आत एक मायक्रोस्कोप, हॉट एअर गन, फ्लक्सची डबी, टोकदार चिमटा आणि निकामी बोर्डांनी भरलेलं बिस्किटांचं डबडं. मेलेला फोन आला की कारागीर बॅटरी काढून बोर्डाला पॉवर सप्लायवरून वीज देतो आणि शॉर्टिंग कुठे आहे ते बोटाने चाचपतो. ज्या आयसीत दोष ती तापते आणि बोटाला कळते. सॉफ्टवेअरनं मेलेल्या फोनचं काम वेगळं. क्वालकॉमची चिप असलेल्या बऱ्याच बोर्डांवर दोन बारीक ठिपके असतात, टेस्ट पॉइंट. चिमट्याने ते एकमेकांना टेकवून केबल लावली, की फोन नेहमीच्या वाटेने सुरू न होता कारखान्यातल्या दुरुस्तीच्या अवस्थेत जातो आणि संगणकाच्या पडद्यावर ९००८ हा आकडा उमटतो. ‘९००८ ला आला’ म्हणजे रोगी वाचला. तिथून आतल्या मेमरीत थेट लिहिता येतं, आणि जे लिहिता येतं ते बऱ्याचदा वाचताही येतं.

ही विद्या कुठल्या विद्यापीठाने दिली नाही. यूट्यूब, टेलिग्रामवरचे ग्रुप, मोठ्या शहरातल्या एखाद्या जाणत्या कारागिराकडे केलेली उमेदवारी, आणि बिघडवलेले फोन. ‘फोन गेला तर जाऊ दे, बाळाचे फोटो तेवढे काढून द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक जेव्हा समोर असतं, तेव्हा कारागीर जे करतो ते डेटा रिकव्हरीच असतं.

या धंद्यातली जगातली सर्वांत नावाजलेली कंपनीही याच काउंटरवरून उठून गेली आहे. इस्राएलची सेलेब्राइट १९९९ मध्ये सुरू झाली ती मोबाईलच्या दुकानांसाठी यंत्रं करायला. गिऱ्हाईक नवा फोन घ्यायचं, जुन्यातली नावं-नंबरांची यादी नव्यात टाकून द्यायचं ते यंत्र. प्रत्येक कंपनीची केबल वेगळी, प्रत्येक फोनची बोली वेगळी, त्यामुळे सेलेब्राइटला शेकडो फोनांची आतली रचना तोंडपाठ झाली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जे यंत्र यादी हलवतं ते पोलिसांना यादी काढूनही देईल. २००७ मध्ये त्यांनी तपासासाठीचं यंत्र आणलं. आज देशोदेशींचे पोलीस तेच वापरतात.

आपल्याकडचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या लालगुणचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, संगणक दुरुस्तीला येऊ लागले, आणि आलेल्या संगणकांत बिघाडापेक्षा व्हायरसच जास्त निघायला लागले. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस काढायचे छोटे प्रोग्रॅम लिहिले, दुकानात ते वापरले गेले, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावर रोज येणारा रोग नीट बघितला तर त्यातून शास्त्र निघतं, हे पुण्यात घडून गेलेलं आहे.

मग गडहिंग्लजच्या काउंटरवर काय कमी आहे? माझ्या मते एकच. कारागिराच्या हाताला पहिली सवय असते ती फोन चालू करून बघायची. चार्जिंग लाव, बटण दाब, येतोय का बघ, नाही आला तर सॉफ्टवेअर मार. गिऱ्हाइकाच्या फोनसाठी हे बरोबर आहे. पुराव्याच्या फोनसाठी हीच सवय घातक. तिथे पहिलं काम काही न करण्याचं असतं. पडद्यावर जे दिसतं त्याचा फोटो, मग फ्लाइट मोड किंवा लहरी अडवणारी फॅराडे पिशवी, चालू असेल तर चालूच ठेवायचा आणि बॅटरी उतरू द्यायची नाही, बंद असेल तर बंदच. कोणी, किती वाजता, काय केलं याची ओळ लिहायची आणि मग पुढचं बोट लावायचं. ही शिस्त शिकायला मायक्रोस्कोप लागत नाही, वही लागते. पण दुकानात वही कशाला ठेवली जाते तर उधारीला.

*

हाताच्या कौशल्याची एक मर्यादाही आता उघड झाली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कुलूप लागलेल्या अँड्रॉइड फोनमधली मेमरीची आयसी गरम हवेने उचलायची, साफ करून वाचकात बसवायची, की आतलं सगळं समोर यायचं. जगभरच्या प्रयोगशाळा हेच करत होत्या. आता आयसी उचलून काही हाती लागत नाही. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना आतली माहिती कूटबद्ध ठेवणं बंधनकारक झालं. त्या कूटाची किल्ली मेमरीच्या आयसीत नसते; ती मुख्य चिपमधल्या एका राखीव भागात, मालकाच्या पिनशी गुंफलेली असते. आयसी वेगळी केली की किल्ली मागे राहते आणि हातात उरतो तो कचरा.

म्हणून आजच्या तपासाला दोनच वाटा राहिल्या: मालकाने कुलूप उघडून देणं, किंवा फोन बनवणाऱ्याच्या हातून राहून गेलेलं भोक. भोक हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सुरक्षेतली त्रुटी, भेद्यता वगैरे शब्दांनी ती गोष्ट फार सभ्य वाटायला लागते.

सप्टेंबर २०१९ मध्ये ‘एक्झिओमएक्स’ या टोपणनावाच्या एका संशोधकाने आयफोनमधलं असं एक भोक जाहीर केलं. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा जो कोड चिपमध्येच कोरलेला असतो, त्यात ती चूक होती. आयफोन ४ एसपासून आयफोन एक्सपर्यंत सगळ्यांत. कोरलेला कोड बदलता येत नाही, त्यामुळे ॲपललाही ती बुजवता आली नाही. ते फोन भंगारात जाईपर्यंत ती राहणार. मीडियाटेकच्या स्वस्त चिपांमध्येही सुरुवातीच्याच कोडात अशा चुका सापडल्या आणि त्यावरची साधनं दुरुस्तीवाल्यांत हातोहात पसरली. ज्या साधनाने गावातला कारागीर विसरलेल्या पॅटर्नचा फोन मोकळा करतो, त्याच जातीच्या चुकीवर महागड्या तपास यंत्राचीही मदार असते.

भोकाला आत कोण शिरतंय हे कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ॲम्नेस्टीच्या सुरक्षा प्रयोगशाळेने सर्बियातलं एक प्रकरण उघड केलं. स्लाविशा मिलानोव्ह या पत्रकाराला पोलिसांनी वाहतुकीच्या तपासणीच्या निमित्ताने ठाण्यात नेलं, फोन बाहेर ठेवायला लावला, आणि परत दिला तेव्हा तो उघडला गेल्याच्या खुणा त्यात होत्या. उघडायला सेलेब्राइट वापरलं होतं आणि उघडल्यावर आत पाळतीचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. या शोधाचा माग काढताना क्वालकॉमच्या चिपमधली तोवर कुणाला ठाऊक नसलेली एक चूक सापडली. म्हणजे पोलिसांच्या खात्यात वापरलं जाणारं भोक जगातल्या असंख्य फोनांत तसंच उघडं होतं. आपल्या गावातल्या फोनांतही.

भारतात पेगासस या पाळतीच्या सॉफ्टवेअरवरून गदारोळ झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांत मुंबईच्या आयआयटीचे प्राध्यापक अश्विन गुमास्ते होते. समितीकडे २९ फोन आले. पाच फोनांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर आढळलं, पण ते पेगाससच असं ठामपणे म्हणता आलं नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आलं. लोकांना यात पळवाट दिसली. मला त्यात शास्त्राची मर्यादा दिसते: खुणा उरल्या तरच शास्त्र बोलणार.

पण खरं सांगायचं तर गडहिंग्लजच्या शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनला पेगाससची भीती नाही. त्याला भीती व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीकेची, म्हणजे ॲप बसवणाऱ्या फाईलची. कधी तिचं नाव ‘पीएम किसान’ असतं, कधी ‘आरटीओ चलन’, लग्नसराईत ‘निमंत्रण पत्रिका’. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. इथे भोक फोनमध्ये नसून आपल्या अंगठ्यात आहे. फोन दोनदा बजावतो, की हे ॲप बाहेरचं आहे. आपण दोनदा ‘चालेल’ म्हणतो.

अशी एपीके पकडून उघडून बघणं हा शिकणाऱ्यासाठी फार चांगला धडा आहे, आणि तो फुकट आहे. जॅडएक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये फाईल टाकायची. पहिल्यांदा मॅनिफेस्ट वाचायचं. ॲपने कायकाय मागितलं याची ती यादी असते. किसान योजनेचा हप्ता दाखवणाऱ्या ॲपला आलेले एसएमएस वाचायची परवानगी कशाला हवी? फोन सुरू होताच आपोआप जागं व्हायची कशाला? खाली उतरत गेलं की एखाद्या ओळीत आलेला एसएमएस उचलून पुढे पाठवायची सोय दिसते, आणि पाठवायचा पत्ता कित्येकदा तिथेच उघडा लिहिलेला असतो, बहुधा एखाद्या टेलिग्राम बॉटचा. ओटीपी बँकेकडून निघाला, फोनवर आला, आणि मालकाने वाचायच्या आत तिसऱ्याच माणसाकडे पोचला. ज्याचे पैसे गेले त्याने घटकाभराचाही उशीर न करता १९३० ला फोन करायचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात तोवरच थोपवता येतात. तपासणाऱ्याने मात्र ती एपीके फोनमधून उडवायच्या आधी तिची प्रत घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. घाबरलेला माणूस फोन फॉरमॅट करून आणतो आणि मग तक्रार देतो.

*

फोनमध्ये पुरावा राहतो कुठे? आपल्याला वाटतं मेसेज म्हणजे मेसेज. आत ती एका तक्त्यातली ओळ असते. व्हॉट्सॲपसकट बहुतेक ॲप आपली माहिती एसक्यूलाइट नावाच्या साध्या डेटाबेसात ठेवतात. मेसेज पुसला की ओळ खरोखर खरवडली जातेच असं नाही. ती जागा मोकळी झाली एवढीच नोंद होते. सात-बाऱ्यावरून नाव कमी झालं तरी रानातला ऊस उभाच असतो, तसं. नवी नोंद त्याच जागेवर येईपर्यंत जुना मजकूर तिथे पडून असतो, आणि शिवाय बाजूला एक कच्ची वही असते जिच्यात ताजे बदल आधी लिहिले जातात. तपासणारा या दोन्ही ठिकाणी हात घालतो. पण फोन चालू राहिला, मेसेज येत राहिले, की ऊस तोडून तिथे दुसरं पीक येतं. ‘डिलीट केलेलं सगळं परत येतं’ हे दुकानाच्या पाटीवरचं वाक्य आणि ‘एकदा गेलं की गेलं’ हे आरोपीच्या मनातलं वाक्य, दोन्ही अर्धवट.

वेळेचं प्रकरण तर अजून मजेशीर. तक्त्यात तारीख-वार नसतो, एक लांबलचक आकडा असतो. समजा तो आहे १७१८००००००००० (१७१८ वर नऊ शून्यं). १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती मिलीसेकंद झाले, असा तो हिशेब. सोडवला तर निघते १० जून २०२४, सकाळचे ६ वाजून १३ मिनिटं २० सेकंद. ही वेळ ग्रिनिचची. आपल्याकडे तेव्हा ११ वाजून ४३ मिनिटं झालेली. साडेपाच तास मिळवायला विसरलं की काय होतं? मध्यरात्रीनंतर दोनला पाठवलेला मेसेज आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठचा दिसतो. आरोपी त्या रात्री साडेआठला गावच्या जत्रेत शंभर माणसांसमोर होता, हे उलटतपासणीत सिद्ध झालं की अख्खा अहवाल संशयात. चूक बेरजेची, सुटका माणसाची. सॉफ्टवेअरने छापून दिलेला अहवाल तसाच न्यायालयात देणाऱ्या आणि एक तरी आकडा हाताने सोडवून बघणाऱ्या तपासनीसात इथेच फरक पडतो.

*

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर या विषयावरचा देशातला सर्वांत महत्त्वाचा अलीकडचा निकाल मराठवाड्यातल्या एका निवडणुकीतून आला आहे. २०१४ ला जालना विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध निवडून आले. तक्रार अशी, की अर्ज भरायची वेळ दुपारी तीनपर्यंत असताना खोतकरांचा अर्ज त्यानंतर घेतला गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रण होत होतं. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण त्या खऱ्या असल्याचं कायद्याने लागणारं प्रमाणपत्र कार्यालय काही देईना. मागून मागून तक्रारदार थकले. औरंगाबाद खंडपीठाने साक्षीतून मिळालेल्या कबुलीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने खोतकरांचं अपील फेटाळताना नियम पक्का केला: मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, मात्र सगळे प्रयत्न करूनही ते देणारा देत नसेल तर अशक्य गोष्टीची सक्ती नाही. तोवर ती विधानसभा संपून पुढची निवडणूकही होऊन गेली होती आणि गोरंट्याल आमदार झाले होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचा नमुनाच कायद्याला जोडला गेला. त्याचे दोन भाग. पहिला ज्याच्याकडचा पुरावा त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहायचा रकाना आहे. हॅश म्हणजे फाईलमधल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठसा; आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा निघतो. शिवाय झडती-जप्तीचं चित्रण आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट, हेही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आलं.

नमुना करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हार्ड डिस्क असावी असं मला राहून राहून वाटतं. हार्ड डिस्क काढून ठेवली की तिचा ठसा आज आणि वर्षाने तोच येतो. चालू मोबाईलची प्रत सकाळी घेतली आणि दुपारी घेतली तर दोन ठसे निघणार, कारण मधल्या वेळात फोन स्वतःच्या वहीत काही ना काही लिहितोच. म्हणून ठसा फोनचा घ्यायचा नसतो, घेतलेल्या प्रतीचा घ्यायचा असतो, आणि तो जप्तीनंतर शक्य तितक्या लवकर. हे न्यायालयाला समजावून सांगणारा तज्ज्ञ साक्षीला हवा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं आहे. आपल्या भागातली अपिलं आता तिथेच चालतात, आणि असे वाद तिथे येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

ठसा लवकर घेण्याचं महत्त्व कळायला भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरण बघावं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी दिल्लीत रोना विल्सन यांच्याकडून संगणक जप्त केला. त्यातली पत्रं हा खटल्याचा कणा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने त्या डिस्कच्या प्रतीचा अभ्यास करून म्हटलं, की जून २०१६ मध्ये आलेल्या एका ईमेलमधून नेटवायर नावाचं घुसखोर सॉफ्टवेअर आत गेलं, घुसखोर २२ महिने आत होता, आणि महत्त्वाची पत्रं त्याने बाहेरून आणून ठेवली. विल्सननी ती कधी उघडल्याची खूण नाही. पुढे त्यांच्या आयफोनच्या बॅकअपमध्ये पेगाससच्या खुणा असल्याचंही आर्सेनलने सांगितलं. तपास करणाऱ्या एनआयएला हे निष्कर्ष मान्य नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये विल्सन यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला तो खटला लांबल्याच्या कारणावरून. पत्रांच्या खरेखोटेपणाचा निवाडा त्यात झालेला नाही. कुणाची बाजू खरी यावर वाचकांची मतं वेगवेगळी असतील. पण एक प्रश्न दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे: यंत्रात फाईल सापडली, यावरून ती मालकाने ठेवली असं सिद्ध होतं का? भोकांचा अभ्यास आणि पुराव्याचा अभ्यास हे दोन वेगळे विषय मानणाऱ्यांनी हा एक खटला वाचावा.

*

गडहिंग्लजच्या कॉलेजातल्या मुला-मुलींनी हे शिकायचं तर कुठे? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा एक परिसर गोव्यात फोंड्याजवळ आहे. आंबोली घाट उतरला की फार दूर नाही. त्याच गोव्यात २०१० पासून नलकॉन ही सुरक्षा संशोधकांची परिषद भरू लागली. पुण्याच्या पेयाटू कंपनीतून ‘दिवा’ नावाचं मुद्दाम चुकांनी भरलेलं अँड्रॉइड ॲप आलं आहे, शिकणाऱ्याने ते फोडून बघावं म्हणून. पंधरा दिवसांत ‘एथिकल हॅकर’ करून देणाऱ्या फ्लेक्सवाल्या क्लासेसना पैसे देण्यापेक्षा हे बरं.

आणि खरं साहित्य तर दुकानातल्या भंगाराच्या पेटीतच आहे. पडदा फुटलेला, पण चालू असलेला जुना फोन बिलासकट विकत घ्यायचा. बिल महत्त्वाचं, आणि आयएमईआय संचार साथीच्या पोर्टलवर तपासणंही. चोरीचे फोन अडवायची ती व्यवस्था देशात पहिल्यांदा २०१९ मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाली होती. विकत घेतलेल्या फोनमध्ये नवं सिम घालून घरच्याच दुसऱ्या फोनशी आठवडाभर गप्पा मारायच्या, फोटो काढायचे, काही पुसायचे, आणि काय केलं ते वेळेसकट वहीत लिहून ठेवायचं. मग वही मित्राकडे ठेवून फोनची प्रत काढायची, ऑटॉप्सी आणि अलीप ही फुकट साधनं चालवायची आणि काय सापडलं त्याचा अहवाल लिहायचा. शेवटी वही उघडून ताडून बघायचं. किती सापडलं यापेक्षा जे वहीत नव्हतंच ते अहवालात कसं आलं, यावर जास्त वेळ घालवायचा. ॲम्नेस्टीचं एमव्हीटी हे पाळतीच्या खुणा शोधणारं साधनही २०२१ पासून सर्वांना खुलं आहे.

दुसऱ्याच्या फोनवर, बँकेच्या ॲपवर किंवा नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर मात्र प्रयोग करायचे नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या शिरकावाबद्दल बोलतं. अप्रामाणिकपणे केला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. चांगल्या हेतूने बघणाऱ्या संशोधकाला वेगळं संरक्षण त्यात लिहिलेलं नाही, आणि ही कायद्याची मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. भोक दाखवणाऱ्यालाच चोर ठरवायची धास्ती असेल तर दाखवणारे गप्प बसतात, चोर बसत नाहीत. तोवर सापडलेली चूक आधी कंपनीला किंवा सरकारच्या सर्ट-इनला लेखी कळवायची, उत्तराची वाट बघायची, आणि तोपर्यंत इन्स्टाग्रामवर मिरवायचं नाही.

राहता राहिला प्रश्न प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागाचा. तिथे तज्ज्ञाने सही करायची, असं कायदा म्हणतो. तालुक्याच्या न्यायालयात रोज येणाऱ्या चेक बाउन्सच्या, पोटगीच्या, बांधाच्या भांडणाच्या खटल्यांतही आता व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून येतात, आणि या प्रत्येक पक्षकाराला मोठ्या शहरातला तज्ज्ञ परवडणारा नाही. वकील मग ओळखीच्या कुणा संगणकवाल्याला गाठतात. तो हॅश काढायचं बटण दाबतो, आकडा लिहितो, सही करतो. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो एवढाच, की हा आकडा तुम्ही कोणत्या फाईलचा, कधी आणि कशाने काढला.